आपला पेपर कोणता?

बारावीचा निकाल लागला की पनवेलच्या महाविद्यालयांत प्रवेशासाठी झुंबड उडते. कॉमर्स, आयटी, फार्मसी, नर्सिंग यांच्या जागा आधी भरतात. तिथे ज्यांचा नंबर लागत नाही, त्यांतली काही मुले कला शाखेकडे वळतात. आणि कला शाखेतही इतिहास हा बहुधा उरलासुरला विषय म्हणून पदरी पडतो. आमच्या मोहल्ल्यांत तर त्यावर एकच प्रश्न ठरलेला असतो : "इतिहास घेऊन पोट भरणार आहे का?" हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांना हसण्याचे कारण नाही. कर्ज काढून, परदेशातून आलेल्या पैशावर मुलांना शिकवणाऱ्या घरांना तो विचारावाच लागतो.

तरीही दरवर्षी आमची काही मुले-मुली इतिहास घेतात. त्यांच्यापुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : पेपर कोणते घ्यायचे? मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे प्राचीन भारत, मध्ययुगीन भारत, मराठ्यांचा इतिहास, आधुनिक महाराष्ट्र, समकालीन जग, पुरातत्त्व आणि पुराभिलेख असे पेपर येत राहिले आहेत. नावे बदलतात, काळाची हद्द थोडी इकडेतिकडे सरकते, सगळ्या महाविद्यालयांत सगळे पेपर शिकवलेही जात नाहीत. पण निवड करायची वेळ आली की आमच्या मुलांची बोटे मध्ययुगीन भारतावर जातात. सुलतान आणि मोगल तिथे असतात. म्हणून तो 'आपला' पेपर. मराठ्यांचा इतिहास 'त्यांचा', प्राचीन भारत तर त्याहून 'त्यांचा'. ही वाटणी कुणी लिहून दिलेली नाही, पण ती मुलांच्या मनात असते, आणि कधीकधी शिकवणाऱ्यांच्याही.

या वाटणीला इतिहासात आधार आहे का, हे आपण एकेक पेपर उघडून पाहू.

प्राचीन भारतापासून सुरुवात करू. पालघर जिल्ह्यात चिंचणी येथे राष्ट्रकूटांच्या काळातले ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. भाषा संस्कृत. त्यात संयान मंडळाच्या, म्हणजे आजच्या संजाणच्या आसपासच्या प्रदेशाच्या कारभाऱ्याचे नाव येते : मधुमती. तो 'ताजिक' कुळातला, म्हणजे अरब. मुहम्मद या नावाचे हे संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला तिथे नेमले होते. या अंमलदाराने नदी ओलांडण्यासाठी फुकट नावांची सोय केली, अन्नछत्र घातले, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला जमिनीचे दान दिले, असे तो ताम्रपट सांगतो. त्याच सुमारास, इ.स. ९१६ च्या आसपास, अल-मसूदी हा अरब प्रवासी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या चौल बंदरात आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. दिल्लीत सुलतानी येण्यास तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे बाकी होती.

म्हणजे कोकणातल्या मुसलमानांचा सर्वांत जुना लेखी पुरावा शोधायचा तर एका हाती संस्कृत ताम्रपट घ्यावा लागतो आणि दुसऱ्या हाती अरबी प्रवासवर्णन. मध्ययुगीन भारताच्या पेपरात घोरीच्या स्वारीपासून आपला इतिहास सुरू झाला असे समजणाऱ्या मुलाला यातले काहीच भेटत नाही. तलवारीच्या आधी इथे व्यापाराचे गलबत आले होते, हे त्याला प्राचीन भारताचा पेपर सांगू शकतो.

मध्ययुगीन भारताचा पेपर जरूर घ्यावा. पण त्यातही दिल्ली आणि आग्रा यांच्या पलीकडे पाहणारा घ्यावा. आमच्या बापजाद्यांचा संबंध ताजमहालापेक्षा निजामशाहीच्या जमाबंदीशी जास्त आला. उत्तर कोकण १६३६ पर्यंत निजामशाहीकडे होते. तिचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. तो हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. पण त्याने बसवलेल्या जमीन महसुलाच्या पद्धतीची चर्चा इंग्रज अधिकारी अडीचशे वर्षांनंतरही आपल्या गॅझेटियरमध्ये करत होते. याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते. बादशहांच्या याद्या पाठ करून हे दोघे हाती लागत नाहीत. त्यासाठी दख्खनचा इतिहास वाचावा लागतो.

मराठ्यांच्या इतिहासाचा पेपर आमची मुले टाळतात, कारण तिथे आपल्याला शत्रूच्या रांगेत उभे केले जाईल अशी त्यांना धास्ती वाटते. ही धास्ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. वर्गात, मिरवणुकीत, सिनेमात काय चालते ते सगळ्यांना दिसते. पण पेपर सोडून दिल्याने धास्ती जात नाही. १६७९ मध्ये अलिबागजवळच्या खांदेरी बेटापाशी इंग्रजांशी जी लढाई झाली, तीत शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता. महाराजांच्या पदरी फार्सी पत्रव्यवहार पाहणारा काझी हैदर होता. आणि त्याच समुद्रात, त्याच काळात, मुरूड-जंजिऱ्याचा सिद्दी महाराजांशी लढत होता. एकाच किनाऱ्यावरचे मुसलमान दोन्ही बाजूंना होते. चाकरी, वतन, बंदरातला व्यापार आणि किल्ल्याचा ताबा या गोष्टी तेव्हा माणसाची बाजू ठरवत होत्या. हे कळले की 'आपले' आणि 'त्यांचे' हा हिशेब तिथे किती तोकडा पडतो ते दिसते. मात्र दौलतखानाचे नाव केवळ निष्ठेचा दाखला म्हणून खिशात ठेवण्यासाठी हा पेपर घेऊ नये. जंजिऱ्याचा सिद्दीही तितक्याच बारकाईने अभ्यासावा.

आधुनिक महाराष्ट्राच्या पेपरात तर आपल्याच जिल्ह्याची पाने आहेत. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचे आणि तिथून घाट चढून पुण्याला जायचे, हा तेव्हाचा राजमार्ग. त्या वर्दळीने हे गाव वाढले आणि १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. बेने इस्रायली लोकांचे बेथ एल सिनेगॉग इथे १८४९ चे आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ मध्ये जवळच्या शिरढोणचा. आणि १९२७ चा महाड : डिसेंबरात डॉ. आंबेडकरांच्या परिषदेला मंडप घालायला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या स्थानिक मुसलमानाने आपली जागा दिली. मनुस्मृतीचे दहन झाले ते त्या परिषदेत. फत्तेखानाविषयी याहून जास्त शोधून काढणे हे रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याचेच काम आहे. ते करायला दिल्लीहून कुणी येणार नाही.

राहिला समकालीन जगाचा पेपर. तो परक्यांचा वाटतो, पण १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि त्यानंतर कोकणातल्या घराघरांतून माणसे आखातात गेली, ही गोष्ट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली आहे. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, माणगाव तालुक्यातल्या मोरब्यासारख्या गावांतले मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन स्थिरावले. त्यांचे वंशज तिथे आजही 'कोकणी' म्हणून ओळखले जातात. जगाचा इतिहास आमच्या घरी पत्राने आणि मनीऑर्डरने आला आहे.

इतके पाहिल्यावर 'आपला पेपर कोणता' या प्रश्नाचा रोख बदलतो. विषयपत्रिकेत आपली माणसे कुठे आहेत असे विचारले तर उत्तर येते : सगळीकडे, थोडी थोडी. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा : या पेपरामुळे आपल्याला कोणते कागद वाचता येतील?

महाराष्ट्रात इतिहासाचे मोठे काम ज्यांनी केले त्यांनी हाच प्रश्न आधी सोडवला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले, तरी मराठ्यांच्या इतिहासाची बरीचशी साधने विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी गोळा केली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. त्या मंडळाचे ग. ह. खरे यांनी फार्सी शिकून 'ऐतिहासिक फार्सी साहित्य' संपादित केले. सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी तवारिखा आणि बातमीपत्रे मराठीत आणली. मोगलांचे कागद मराठी वाचकाच्या हाती दिले ते अशा माणसांनी. उलट बाजूला यू. म. पठाण पाहा. मराठीचे हे प्राध्यापक महानुभावांच्या ग्रंथांकडे वळले; मुसलमान संतांच्या मराठी वाङ्मयावरही त्यांनीच लिहिले. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खरे-पगडींना फार्सी परकी वाटली नाही, पठाणांना महानुभाव परके वाटले नाहीत. ज्याने लिपी आणि भाषा शिकून घेतली, त्याचे ते कागद झाले.

याला आज फार तातडीचे महत्त्व आहे. तीन घटना आठवून पाहू.

पहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे बाहेर निघाली, आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्या माणसाला किंमत आली. जी लिपी मेली असे सगळे म्हणत होते, तिच्यावर लाखो लोकांचे दाखले अवलंबून राहिले.

दुसरी. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी बाई कधी नव्हतीच. मोठी खळबळ माजली. आमच्यातल्या पुष्कळांनी संतापाने उत्तरे दिली. पण संतापाने इतिहास सिद्ध होत नाही. खरे उत्तर एका कागदात होते : सावित्रीबाईंनी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेले पत्र. आजारपणामुळे आपण दूर आहोत, कामाचा भार फातिमेवर पडला असेल, ही काळजी त्यात व्यक्त झाली आहे. हे पत्र मराठीत आहे आणि सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे. ज्यांनी ते वाचले होते त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता आले. त्याचबरोबर त्यांना हेही सांगता आले की फातिमेविषयी नंतर ज्या जन्मतारखा आणि कहाण्या पसरल्या त्यांना या पत्राचा आधार नाही. आधार असलेली गोष्ट धरून ठेवणे आणि नसलेली सोडून देणे, ही दोन्ही कामे इतिहासाच्या विद्यार्थ्याला करावी लागतात. दुसरे काम आपल्याच लोकांत करावे लागते, म्हणून ते अवघड.

तिसरी घटना आमच्या मशिदी, दर्गे आणि कब्रस्तानांची. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली. ६ जून २०२५ रोजी 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि नोंदणी झालेल्या वक्फ मिळकतींचा तपशील कागदपत्रांसह सहा महिन्यांत त्यावर चढवायचा होता. या कायद्याविषयी मते असतील, न्यायालयात वादही आहेत. पण त्या सहा महिन्यांत एक साधी गोष्ट उघडी पडली. जुनी सनद म्हणजे कधी मोडीतला कागद, कधी फार्सीतला, कधी इंग्रजी इनाम रजिस्टरातली एक ओळ. मुतवल्लीच्या पेटीत तो असला तरी वाचणार कोण? इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी केली, त्या वेळी मुंबई इलाख्यातल्या देवस्थानांच्या, मशिदींच्या इनामांचे कागद तपासले गेले. त्या चौकशीची दप्तरे सरकारी पुराभिलेखागारांत पडून आहेत. ती पाहायला वकिलाआधी इतिहासाचा विद्यार्थी लागतो.

आता व्यवहाराचे बोलू. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. आता एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि त्याच्या जोडीला मायनर घ्यायचा असतो. तीन वर्षांनी पदवी मिळते. चौथे वर्ष केले तर ऑनर्स किंवा संशोधनासह ऑनर्स. इतिहास मेजर घेणाऱ्याने जोडविषय निवडताना भाषेचा विचार आधी करावा. आपल्या महाविद्यालयात उर्दू असेल तर उर्दू, नसेल तर मराठी नीट घ्यावी. फार्सीची पहिली पायरी उर्दू जाणणाऱ्याला सोपी जाते. पुढे मुंबई विद्यापीठात फार्सी आणि अरबीचे विभाग आहेत. मोडीसाठी राज्याचे पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षणवर्ग घेते. पुराभिलेखांचा पेपर मिळत असेल तर तो रटाळ म्हणून सोडू नये. नोकरीच्या दृष्टीनेही संग्रहालय, अभिलेखागार, भाषांतर, पत्रकारिता आणि स्पर्धा परीक्षा या वाटा तिथूनच निघतात. त्या रुंद आहेत असे सांगून कुणाला फसवू नये, पण त्या बंदही नाहीत. आणि मायनर किंवा एखादे कौशल्य पोटासाठी घेतले, तर त्यात इतिहासाचा अपमान होत नाही.

पनवेलच्या विद्यार्थ्याला एक सोय अशी आहे की ती अभ्यासकांनाही हेवा वाटावी. हार्बर लाइनची गाडी पकडली की दीड तासाच्या आत तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. तिथून पायी जाण्याच्या अंतरात अंजुमन-ए-इस्लामचे ग्रंथालय आहे, टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन काढली, तेव्हा पनवेलच्या मुलाला तिथे पोचायला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागे.

ज्यांना मुंबईला जाता येत नाही, आणि आमच्या पुष्कळ मुलींना ते जमत नाही, त्यांनी गावातूनच सुरुवात करावी. एक छोटी खूण सांगून ठेवतो. रायगड जिल्ह्याचे जुने नाव कुलाबा. ते १९८१ मध्ये बदलले. पण कुलाब्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेल शोधू नये. हा तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे त्याची माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. इतके माहीत नसल्याने 'पनवेलचे काही सापडत नाही' असे म्हणून मागे फिरणे सहज शक्य आहे. गॅझेटियरनंतर घरातल्या पेट्या : निकाहनामे, खरेदीखते, आफ्रिकेतून आणि आखातातून आलेली पत्रे, पासपोर्ट. त्यानंतर वयस्क बायका, ज्यांना लग्नातली गाणी, पाण्याची जुनी ठिकाणे आणि कुठल्या घरातला माणूस कुठल्या जहाजावर होता ते आठवते. यातले कुठलेही साधन विद्यापीठाच्या यादीत नाही, पण चौथ्या वर्षाचा प्रकल्प त्यावर उभा राहू शकतो.

यालाही मुदत आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाटा आणि नवघर येथे शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच माणसे गेली. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. जुनी घरे पाडून इमारती उठत आहेत आणि घर रिकामे करताना जुन्या पेटीतले कागद भंगारवाल्याकडे जातात. २०२३ मध्ये एनसीईआरटीने बारावीच्या पुस्तकातून मोगल दरबारांचे प्रकरण काढले, त्यावर देशभर बोलले गेले, आणि ते योग्यच होते. पण ते प्रकरण पुन्हा छापता येईल. त्याची साधने शाबूत आहेत. मोहल्ल्यातल्या पेटीतला कागद एकदा गेला की गेला.

म्हणून यंदा घरातली मुलगी किंवा मुलगा इतिहास घ्यायचा म्हणाला, तर नकार देण्याआधी त्याच्याबरोबर बसून पेपरांची यादी वाचावी. कुठल्या पेपरात आपले राजे आहेत हे मोजत बसू नये. हा पेपर घेतल्यावर तीन-चार वर्षांनी तुला कोणता कागद वाचता येईल, एवढे त्याला विचारावे. त्याने 'मोडी' किंवा 'फार्सी' असे उत्तर दिले, किंवा नुसते 'दादीच्या पेटीतला' असे म्हटले, तरी त्याला फॉर्म भरू द्यावा.